खांब नसलेले थांबे

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत एसटीची गाडी जेथे थांबते, तेथे थांब्याची खूण असतेच असे नाही. कोठे झाडाची सावली असते, कोठे चहाच्या टपरीचा पत्रा, तर कोठे नुसता फाटा. तरीही तेथे उभा राहणारा प्रवासी, चालक आणि वाहक या तिघांनाही थांब्याविषयी संदेह नसतो. संदेह पडतो तो नकाशा काढणाऱ्याला. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला, कोणालाही भर घालता येईल असा जगाचा संगणकीय नकाशा आहे. त्यावर असे थांबे दाखवावेत काय आणि कसे, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासला तरी मुळात तो सार्वजनिक सेवेवरील हक्काचा प्रश्न आहे.

जे जमिनीवर पडताळता येईल तेच नोंदवावे, हा या नकाशाचा नियम स्तुत्यच होय. परंतु पडताळणी म्हणजे खांब आणि फलक पाहणे, असा सोयीस्कर अर्थ शहरी मन करून घेते. तो मान्य केला तर लोकप्रतिनिधीच्या निधीतून बांधलेली, त्याचे नाव मिरवणारी, परंतु जिच्यापुढे गाडी उभीच राहत नाही अशी शेड थांबा ठरते. आणि जेथून रोज भाजीच्या पाट्या व शाळेची मुले चढतात, ती जागा नकाशावर रिकामी राहते. प्रत्यक्ष काय मानायचे, विटा की व्यवहार? ब्रिटनच्या सरकारी थांबा-नोंदवहीत रूढीने ठरलेला, कोणतीही खूण नसलेला थांबा हा स्वतंत्र प्रकार म्हणून मान्य आहे. 'विनंती थांबा' आणि 'हात दाखवा, गाडी थांबवा' हे शब्द ज्या एसटीने रूढ केले, तिच्या प्रदेशात तर अशा नोंदीला संकोच वाटण्याचे कारणच नाही. शेड आहे की नाही, बाक आहे की नाही, हे त्या नोंदीत वेगळे लिहिता येते. 'शेड नाही' हीसुद्धा माहितीच आहे, आणि कोकणातल्या पावसात ती फार बोलकी माहिती आहे.

२०११ पासून या नकाशात गाडी थांबते तो रस्त्यावरील बिंदू आणि प्रवासी उभा राहतो ती कडेची जागा, अशा दोन नोंदी करण्याची पद्धतही आली. मोठ्या स्थानकांना ती शोभते. कर्जत-मुरबाड रस्त्यावरील फाट्याला मात्र प्रवाशाच्या जागेची नोंद पुरे. फक्त जाण्याची व येण्याची बाजू वेगळी दाखवावी. नकाशा गाडीच्या नव्हे, माणसाच्या बाजूने काढावयाचा आहे.

नावाचा प्रश्न अधिक बिकट आहे. फाट्याला गावाचे नाव असते, गाव मात्र आत कित्येक किलोमीटर असते. थांबा गावात दाखवला तर नकाशा खोटे बोलतो आणि शेवटची पायपीट अदृश्य करतो. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीला मोटाररस्ता नव्हता; १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा मदतपथकांनाही चढूनच जावे लागले. डोंगरावरील ठाकर-कातकरी वस्त्यांचा थांबा पायथ्याशीच असतो. तो तेथेच, वाहक ज्या नावाने पुकारतो त्याच नावाने आणि देवनागरीत नोंदवावा. रोमन लिपीत कशेळे गावाचा 'ळ' हरवतो तो वेगळाच.

थांबा आणि टप्पा यांचीही गल्लत करू नये. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते. मधल्या थांब्यावर उतरणाराही पुढील टप्प्यापर्यंतचे पैसे मोजतो. थांब्यांची उघड नोंद असेल तर हा हिशेब कोणालाही तपासता येईल.

आता एक आक्षेप. स्वयंसेवकांनी फुकट राबून जे करावयाचे, ते महामंडळाचे कर्तव्य नव्हे काय? निःसंशय आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या सार्वजनिक सेवेने आपले थांबे स्वतःच खुले प्रसिद्ध करावेत, ही मागणी सोडता कामा नये. शिवाय या नकाशाचा परवाना खासगी कंपन्यांनाही त्याचा वापर करू देतो. श्रेय देण्याची आणि सुधारलेला माहितीसाठा प्रसिद्ध केल्यास तो खुला ठेवण्याची अट तेवढी आहे. तरीही कंपनीच्या मालकीच्या नकाशापेक्षा ही सामाईक मालमत्ता शतपटीने बरी. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत निम्मे भाडे पडते. पण फेरीच रद्द झाली तर त्या निम्म्याचा उपयोग काय? रद्द फेरीविरुद्ध अर्ज करताना 'आमच्याकडे थांबा होता' हे आधी सिद्ध करावे लागते. २०२१-२२ च्या संपात गाड्या महिनोन्‌महिने थांबल्या होत्या; त्यानंतर कोणती फेरी पूर्ववत झाली आणि कोणती नाही, हे दाखवणारी जुनी नोंद किती गावांकडे आहे?

म्हणून प्रत्येक थांब्याच्या नोंदीपुढे पाहणीची तारीख हवी, कारण रस्ता रुंद होताना झाड जाते आणि त्याबरोबर थांबाही सरकतो. हे काम मुंबईतल्या हौशी माणसाने उपग्रहचित्र पाहून होणारे नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाने आपले थांबे, मुक्कामी गाडी असल्यास तिची वेळ आणि बंद पडलेल्या फेऱ्या लिहून काढाव्यात. गावातल्या महाविद्यालयीन मुलांनी त्या नकाशावर चढवाव्यात आणि ठरावाची एक प्रत कर्जत आगाराला, दुसरी पेणच्या रामवाडीतील विभागीय कार्यालयाला पाठवून पोच घ्यावी.