मेनन यांना कुणी पाडले?

‘चीनयुद्धातील मानहानीची शिक्षा म्हणून १९६७ साली मुंबईच्या उपनगरांनी कृष्ण मेनन यांना घरी बसवले.’ हे विधान इतके रुळले आहे की त्याचा पुरावा कुणी मागतही नाही. मित्रहो, आज तो मागूया.

फेब्रुवारी १९६२. आचार्य कृपलानींनी चीनविषयक धोरणावरून रान उठवले, तरी उत्तर मुंबईत मेनन सुमारे दीड लाख मतांनी निवडून आले. ऑक्टोबरात युद्ध पेटले आणि नोव्हेंबरात संरक्षणमंत्री मंत्रिमंडळाबाहेर गेले. त्यांच्यावरील ठपका मला पुसायचा नाही. सैन्याच्या दुरवस्थेचे उत्तर त्यांनीच द्यायला हवे होते. पण मग हा हिशेब पक्षाने आपल्या सभासदांसमोर का मांडला नाही?

कारण तिकीट कापताना युद्धाचा नव्हे, ‘बाहेरचा माणूस’ असल्याचा दाखला दिला गेला. मुंबई काँग्रेसवर तेव्हा स. का. पाटील यांची हुकमत होती. मेनन मल्याळी आहेत हा शोध १९५७ आणि १९६२ मध्ये त्याच पक्षाने त्यांना तिकीट देताना लागला नव्हता! शिवसेना नुकतीच, १९६६ साली, स्थापन झाली होती. वारा कुठून वाहतो हे जाणत्यांनी ओळखले, इतकेच. आणि मुंबईकराला परप्रांतीय चालत नव्हता म्हणावे, तर त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत खुद्द पाटलांना कुणी हरवले? मंगळुरात जन्मलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी.

अमेरिकेकडे पाहा. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना, मार्च १९६८ मध्ये, न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत यूजीन मॅकार्थी यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध सुमारे ४२ टक्के मते घेतली. महिना संपण्यापूर्वीच जॉन्सन यांनी माघार जाहीर केली. तिथे युद्धाचा जाब पक्षाच्या मतदारांनी मतपेटीतून विचारला. आपल्याकडे घाटकोपर-मुलुंडच्या सामान्य काँग्रेस कार्यकर्त्याला मेनन हवेत की नकोत, हे कुणी विचारलेच नाही.

पक्षाने उभे केलेले स. गो. बर्वे नाव ठेवण्याजोगे उमेदवार नव्हते. पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारा हा कर्तबगार प्रशासक. तरीही पक्ष, चिन्ह आणि यंत्रणा गमावून अपक्ष लढलेले मेनन हरले ते अवघ्या १३,१६९ मतांनी. युद्धाच्या संतापाने पेटलेल्या मतदारसंघाचा हा आकडा दिसतो का?

काही आठवड्यांतच बर्वे वारले. पोटनिवडणुकीत पक्षाने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले, आणि मेनन पुन्हा हरले. १९६९ मध्ये ते लोकसभेत परतले, पण बंगालमधल्या मिदनापूरहून.