चौकटीतील खूण आणि तिचा क्रम

शासकीय अर्जावरील लहानशी चौकट हा प्रशासन आणि नागरिक यांच्यातील सर्वांत संक्षिप्त संवाद होय. ‘लागू असेल तेथे खूण करावी’ एवढेच आपण छापतो आणि आलेल्या खुणेवर निर्णय घेतो. कागदी अर्जाच्या काळात ही चौकट एखाद्या लिपिकाच्या नजरेखालून जात असे. ती रिकामी दिसली की तो विचारी, “हे लागू नाही, की भरायचे राहिले?” ऑनलाइन अर्जात हा प्रश्न विचारणारे कोणी नसते. म्हणून चौकटीच्या मागे काय घडते हे अधिकाऱ्याने समजून घेतले पाहिजे. तो विषय केवळ प्रोग्रामरवर सोपवून चालणार नाही, असे माझे मत आहे.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा आजही असंख्य संकेतस्थळांमागे काम करते. तिच्याकडे अर्ज पोचतो तो ब्राउझरकडून. ब्राउझरचा नियम असा की, खूण केलेल्या चौकटीचीच माहिती पाठवायची. रिकाम्या चौकटीबद्दल तो ‘नाही’ असेही कळवत नाही. तिचा उल्लेखच होत नाही. अनेक चौकटींना एकच नाव देऊन त्यापुढे रिकामा चौकोनी कंस लिहिला, तर पीएचपी आलेल्या खुणांची यादी करते आणि त्यांना शून्यापासून सलग क्रमांक देते. कंस विसरला, तर शेवटची खूण तेवढी उरते आणि आधीच्या पुसल्या जातात.

यातून काय घडू शकते? समजा, लखनऊ जिल्ह्यातील एका गावात पाच वृद्ध पेन्शनधारकांची वार्षिक पडताळणी आहे. प्रत्येक ओळीत खाते क्रमांक आणि ‘हयात’ अशी चौकट आहे. दुसऱ्या क्रमांकाचे गृहस्थ भेटले नाहीत, म्हणून त्यांची चौकट रिकामी राहिली. सर्व्हरवर खाते क्रमांक पाच पोचले, खुणा मात्र चारच. प्रोग्रामने पहिल्या खात्याला पहिली खूण, दुसऱ्याला दुसरी, अशी जोडी लावली, तर न भेटलेले गृहस्थ हयात ठरतात आणि खूण झालेल्या पाचव्या आजीबाईंच्या वाट्याला काहीच येत नाही. संगणकाने कोठेही चूक दाखवलेली नसते; पुढील महिन्यात त्यांचे पेन्शन मात्र थांबलेले असते.

कागदावरचा मृत्यू किती चिवट असतो हे उत्तर प्रदेशाला सांगावे लागत नाही. आझमगढ जिल्ह्यातील लाल बिहारी यांना महसुली दप्तरात मृत दाखवण्यात आले होते. १९७५ ते १९९४ अशी सुमारे एकोणीस वर्षे ते स्वतःच्या जिवंतपणाचा पुरावा देत राहिले आणि आपल्या नावापुढे ‘मृतक’ हा शब्द लावू लागले. ते प्रकरण जमिनीच्या लोभाचे होते, चौकटीचे नव्हे. परंतु नोंद एकदा चुकली की ती दुरुस्त करण्याचा सारा भार दुर्बळ माणसावर पडतो, हा त्यातील धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

उपाय अवघड नाही. कंस रिकामा न ठेवता त्यात त्या व्यक्तीचा खाते क्रमांक लिहावा. मग खूण आपल्या धन्याला सोडून जात नाही. पण याहून महत्त्वाचा उपाय प्रशासकीय आहे. ‘हयात’, ‘मृत’ आणि ‘भेट झाली नाही’ हे तीन स्वतंत्र पर्याय द्यावेत, त्यांपैकी एक निवडणे अनिवार्य करावे आणि एकही निवडला नसेल तर अर्ज स्वीकारू नये. मौनाला नकार समजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आता क्रमाविषयी. अर्जदाराने चौकटींवर कोणत्या क्रमाने खुणा केल्या हे ब्राउझर कळवत नाही. त्या पानावरील मांडणीच्या क्रमानेच पोचतात. म्हणजे यादीतील पहिले नाव ही अर्जदाराची पहिली पसंती नसते, तो अर्ज तयार करणाऱ्याचा क्रम असतो. पसंती हवी असेल तर ती वेगळी विचारावी लागते.

आपल्या निवडणूक कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. १ डिसेंबर २०२० रोजी लखनऊ पदवीधर आणि पुणे पदवीधर या विधान परिषदेच्या दोन्ही मतदारसंघांत मतदान झाले. तेथे बरोबरची खूण चालत नाही. नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहावे लागतात. १ हा अंक नसेल, किंवा तो एकाहून अधिक नावांपुढे असेल, तर मत बाद होते. हे अंक भारतीय भाषांच्या लिपीतही लिहिता येतात. पीएचपीला मात्र देवनागरी १ चे संख्येत रूपांतर करावयास सांगितले, तर उत्तर शून्य येते! मराठी वा हिंदी अर्ज करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

जेथे पसंतीचा प्रश्न नाही, तेथे कार्यालयाची अधिकृत यादी प्रमाण मानावी. प्रोग्रामने तीच यादी वरून खाली वाचत जावी आणि प्रत्येक नावाला खूण आली आहे का ते पाहावे. क्रम आपोआप ठरतो आणि यादीबाहेरचे काही कोणी घुसडले असेल तर ते गळून पडते.

मोठ्या याद्यांबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. २०१२ मध्ये आलेल्या ५.३.९ या आवृत्तीपासून पीएचपी एका अर्जातील ठरावीक संख्येइतक्याच नोंदी स्वीकारते. मूळ मर्यादा १००० आहे. माणसामागे दोन नोंदी धरल्या तर पाचशे माणसांनंतरची यादी गाळली जाते. त्याची सूचना सर्व्हरवर नोंदली गेली, तरी अर्ज भरणाऱ्याला ती दिसेलच असे नाही. म्हणून किती ओळी पाठवल्या आणि किती पोचल्या, याचा ताळा प्रत्येक वेळी घेतलाच पाहिजे. आपले जुने कारकून बेरीज जुळल्याशिवाय वही मिटत नसत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गावी असेच अर्ज भरत असतात, आणि कित्येकजण अशाच प्रणाली लिहिण्याच्या व्यवसायात आहेत. दोघांनाही माझे एकच सांगणे आहे. कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी एक चौकट मुद्दाम रिकामी ठेवून अर्ज पाठवून पाहावा आणि पलीकडे काय नोंदले गेले ते उघडून वाचावे. भरलेल्या चौकटीची चाचणी सगळेच घेतात. परंतु ज्याची चौकट रिकामी राहते, त्यालाच बहुधा प्रशासनाची सर्वाधिक गरज असते.