वेष्टन कोणतें निवडावें?

जुन्या ग्रंथाचा उपयोग नव्या वाचकास व्हावा अशी इच्छा असेल, तर दोन मार्ग असतात. ग्रंथ समूळ नव्या भाषेंत उतरवून काढावा, किंवा मूळ तसेंच ठेवून मध्यें एक विश्वासू दुभाष्या उभा करावा. संगणकाच्या जगांत हा दुसरा मार्ग फार रूढ आहे. सी भाषेंत लिहून यंत्राच्या बोलींत एकदां उतरवून ठेवलेलीं गणितें वेगानें चालतात. परंतु रोजच्या कामास पायथनसारखी सुटसुटीत भाषा सोयीची पडते. ह्या दोहोंमध्यें जो दुभाष्या बसवावयाचा, त्यास आपण 'वेष्टन' म्हणूं. तें तयार करण्याचीं साधनें आज इतकीं झालीं आहेत कीं, नवशिक्यानें गोंधळून जावें.

आमच्या घरीं हा प्रश्न पंचांगाच्या निमित्तानें आला. माझ्या दिवंगत वडील बंधूंनीं एकादशीचा स्मार्त-भागवत निर्णय, क्षयतिथि, अधिक मास ह्यांचे नियम सी भाषेंत लिहून ठेवले आहेत. ग्रहस्थिति ते स्विस एफिमेरिस ह्या, 1997 सालीं प्रसिद्ध झालेल्या व सी भाषेंतच लिहिलेल्या, गणितसंग्रहांतून घेत. त्यांच्या मुलास पायथन उत्तम येते, सी जेमतेम. "काका, मी सगळें नव्यानेंच लिहितों," असें तो म्हणाला. मीं मोडता घातला. छापील पंचांगांशीं वीस वर्षें ताडून पाहून दादांनीं एकेक अट घातली होती. ती कां घातली, हें सांगणारें आतां कोणी उरलें नाहीं. नुसतें स्विस एफिमेरिस हवें असतें तर त्याचें 'पायस्विसेफ' नांवाचें वेष्टन तयार मिळतें, आणि तयार मिळत असतां स्वतः शिवीत बसणें हा वेळेचा अपव्यय होय. दादांच्या नियमांना तसें वेष्टन कोठून असणार?

पुतण्यानें प्रथम 'सीटाइप्स' घेतलें. हें 2006 सालीं निघालेल्या 2.5 ह्या आवृत्तीपासून पायथनच्या घरांतच आहे. वेगळें कांहीं बसवावें लागत नाहीं. पण ह्या दुभाष्याची एक खोड आहे. सी भाषेंतील कार्यास कोणत्या प्रकारचे आंकडे द्यावयाचे आणि कोणत्या प्रकारचें उत्तर यावयाचें, हें तयार झालेल्या यंत्रसंहितेंत लिहिलेलें नसतें; तें शीर्षपत्रिकेंत, म्हणजे हेडर फाइलींत असतें, आणि सीटाइप्स ती वाचीत नाहीं. मुंजींतल्या बटूच्या तोंडचें 'भवति' हें संबोधन, आणि इतरत्र तेंच क्रियापद. अक्षरें पाहून भेद कळत नाहीं. तसेंच हें. उत्तराचा प्रकार सांगितला नाहीं, तर सीटाइप्स तें पूर्णांक धरून चालतें. आजच्या बहुतेक यंत्रांत दशांश उत्तर एका खणांत ठेवलेलें असतें आणि हा हात घालतो दुसऱ्या खणांत! 1 जानेवारी 2000 च्या मध्यान्हाचा ज्यूलियन दिवसांक 2451545 यावयाचा. पुतण्यास भलताच आंकडा मिळाला, आणि तक्रारीचें अक्षरही उमटलें नाहीं. हा आंकडा निदान डोळ्यांस खटकला. तिथि ही सूर्यचंद्रांमधील बारा-बारा अंशांच्या अंतरानें ठरते, आणि सूर्योदयास एकादशी आहे कीं नाहीं हें कधीं कधीं मिनिटांवर येऊन ठेपतें. तेथें प्रकाराची चूक न खटकतां राहिली, तर साऱ्या घराचा उपास भलत्या दिवशीं पडावयाचा.

दुसरें साधन 'स्विग'. अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत डेव्हिड बीझ्ली ह्यांनीं 1995 सालीं ह्याचा आरंभ केला. हें शीर्षपत्रिका स्वतः वाचतें, आणि एकाच वर्णनावरून पायथन, पर्ल, टीसीएल इत्यादि अनेक भाषांचीं वेष्टनें काढून देतें. ज्यास अनेक भाषांत एकच संग्रह पोंचवावयाचा आहे, त्यानें हेंच घ्यावें. परंतु स्विस एफिमेरिसचें ग्रहस्थितीचें कार्य सहा आंकड्यांची जागा मागतें व तेथें भोग, शर, अंतर आणि तिघांच्या गति भरून देतें. शीर्षपत्रिकेंत दिसतो तो नुसता एक पत्ता. तेथें एक आंकडा आहे कीं सहा, तो द्यावयाचा आहे कीं घ्यावयाचा, हें स्विगला कसें समजावें? तें समजावून देण्यासाठीं त्याची निराळी परिभाषा शिकावी लागते. एका भाषेसाठीं एवढा खटाटोप मला पटला नाहीं.

संग्रह सी-प्लसप्लसचा असता तर वेन्झेल जेकब ह्यांचें, 2015 सालचें, 'पायबाइंड11' निःशंक सुचविलें असतें. 'सायथन' चांगलेंच आहे, पण त्याची खरी शोभा संथ चालणारें आपलें स्वतःचें गणित वेगवान करण्यांत आहे.

अखेर 'सीएफएफआय' घेतलें. ह्यांत हव्या त्या कार्यांच्या घोषणा शीर्षपत्रिकेवरून जशाच्या तशा उतरावयाच्या, आणि कंपायलरकडून वेष्टन तयार करवावयाचें. (कंपायलरवांचून चालणारी ह्याचीही एक रीत आहे, ती घेतल्यास सीटाइप्सचेच धोके परत येतात.) घोषणा शीर्षपत्रिकेशीं विसंगत असेल तर कंपायलर पुष्कळदां तेथेंच हटकतो, आणि न हटकला तरी उत्तर भलत्या खणांतून उचललें जात नाहीं, कारण खरा प्रकार तो शीर्षपत्रिकेवरूनच घेतो. सहा आंकड्यांची जागा मात्र आपणच मोजून द्यावयाची. पांचांचीच दिली तर सी भाषा शेजारच्या घरांत बिनदिक्कत लिहिते. "काका, पण ह्याला कंपायलर लागतो," ही पुतण्याची हरकत होती. दादांचा मूळ संग्रह तरी कंपायलरवांचून दुसऱ्या यंत्रावर कोठें चालणार होता? गांवच्या घरीं विंडोज आहे, येथें लिनक्स. दोन्हीकडे तो नव्यानें उतरविणें प्राप्तच होतें.

परवान्याकडेही पाहिलें पाहिजे. स्विस एफिमेरिस एजीपीएल ह्या खुल्या परवान्याखालीं, अथवा पैसे भरून, वापरतां येतें. वेष्टन घातल्यानें आंतील वस्तूची अट सुटत नाहीं. पुतण्याच्या मनांत हें पंचांग पुढेंमागें इतरांस द्यावयाचें आहे, म्हणून त्यानें आपलें सर्व लेखन खुलें ठेवण्याचें ठरविलें.

एकंदर अकरा कार्यांचें वेष्टन झालें. दादांच्या वह्यांत 1999 पासून 2018 पर्यंतच्या एकादश्या हातानें लिहिलेल्या आहेत; रात्रीं जेवणानंतर मी वही वाचतों आणि पुतण्या पडद्यावर पाहतो. 2011 पर्यंत सर्व जुळल्या आहेत.