आरोपीचा पिंजरा आणि साक्षीदाराची जागा

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा वारसा आहे, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. आजचा दौंड तालुका तेव्हा याच भीमथडीत मोडत असे. रयतेचा रोख कागदावर होता. सावकारांच्या जिवावर ती क्वचितच उठली. तरीही १८५७ च्या आठवणीने धास्तावलेल्या सरकारने फौज बोलाविली, गावोगावी पोलीस चौक्या बसविल्या आणि ९५१ जणांना अटक केली.

त्यानंतर जे खटले चालले, त्यांत रयत केवळ आरोपी होती. वही कोणी जाळली, एवढाच न्यायासनाचा प्रश्न होता. फौज गावात शिरल्यावर काय घडले, हे विचारण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती. पुढे सरकारने आयोग नेमला. त्याने रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या घेतल्या. १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. दोष सावकाराचा, सरकारी साऱ्याचा नव्हे, असा त्याचा निष्कर्ष! ज्याने सारा वाढविला त्यानेच चौकशीचा प्रश्न ठरविल्यावर दुसरे काय निघणार? १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जदाराला काही दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु बंदोबस्ताचा जाब कोणी दिला नाही.

अर्जेंटिनाचा अनुभव याच्या उलट आहे. १९७६ ते १९८३ या काळातील लष्करी राजवटीच्या अधिकाऱ्यांना अभय देणारे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द ठरविले. मग राजधानीबाहेरच्या शहरांतूनही खटले उभे राहिले. तेथे पिंजऱ्यात वर्दी होती आणि साक्षीला पीडित. कोणत्या बराकीत कोणाला डांबले, कोणत्या घरातून कोणाला नेले, हा तपशील स्थानिक साक्षीनेच उजेडात येतो. राजधानीतील एकच मोठा खटला तो सारा गोळा करू शकत नाही.

कर्डे आणि सुपे येथील साक्षीदार केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्यासाठी न्यायालय आता उघडणार नाही. पण त्यांच्या जबान्या आहेत, आणि आरोपीच्या तोंडून आलेली हकीकतही साक्ष म्हणून वाचता येते. त्यासाठी जुनी दप्तरे, मग ती तालुक्याची असोत वा जिल्ह्याची, वाळवीच्या हवाली न करता जपली पाहिजेत. आणि यापुढे कोणत्याही गावावर बळाचा वापर झाला, तर चौकशीत पहिला प्रश्न गावाचा असला पाहिजे. ज्याच्या हाती प्रश्न, त्याच्याच हाती इतिहास राहतो.