यंत्रमंत्र : हवेची होडी, दोघांची जोडी



गेल्या वर्षी आमच्या घरात होडीवरून जेवढे वाद झाले, तेवढे घर घेतानाही झाले नव्हते. सौ. सांगलीची. कृष्णेचा पूर पाहिलेला, पण पोहणं कधी शिकली नाही. मी टिळक तलावात शिकलेला पुणेकर. घरामागून ग्रँड युनियन कॅनॉल जातो, तेव्हा फुगवायची दोघांची कयाक घ्यावी असं माझ्या मनात आलं. बजेट अर्थातच काटकसरीचं!

शंभर-दीडशे पौंडांच्या आसपास इंटेक्स कंपनीच्या दोन होड्या दिसल्या. एक्सप्लोरर के-2 ही 312 सेंटिमीटर लांब आणि 91 रुंद; चॅलेंजर के-2 ही 351 लांब, पण 76च रुंद. लांब आणि अरुंद होडी सरळ, वेगाने जाते. रुंद होडी कमी डुलते. नवशिक्यांना डुलणं नको, म्हणून आम्ही पहिली घेतली.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वजन. खोक्यावर 180 किलो लिहिलेलं असतं, पण काठोकाठ भरलेली होडी जड चालते. मी एक पंचमांश सोडतो, म्हणजे उरले 144. माझे 78, सौ.चे 58, डबा-पाणी 8. बेरीज बरोब्बर! "मी मध्ये बसते" म्हणणाऱ्या धाकटीला काठावर आजोबांजवळ ठेवलं. दुसरी, हवेचे कप्पे वेगवेगळे हवेत. एक फुटला तरी बाकीचे तारतात. तिसरी, तळाला बसवायचं सुकाणूवजा पातं. ते नसलं की होडी गोल गोल फिरते आणि नवरा-बायको एकमेकांना दोष देतात.

आता थोडी इंजिनिअरकी. स्वस्त होडीत हवेचा दाब फार कमी, साधारण 1 पीएसआय. सकाळी 15 अंशांना फुगवून 35 अंशांपर्यंत उन्हात तापू दिली, तर एकूण दाब 7 टक्क्यांनी वाढतो. पण त्या एकूणात वातावरणाचे 14.7 पीएसआय धरलेले असतात! म्हणजे होडीचा आपला दाब हिशेबाने जवळजवळ दुप्पट होतो. पीव्हीसी थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. पण शिवण उसवते ती अशीच. उलट थंड पाण्यात तीच होडी मऊ पडते. म्हणून आधी पाण्यावर ठेवावी, मग दोन-चार पंप मारावेत. काठावर काढली की थोडी हवा सोडावी.

खोक्यात वल्ही आणि पंप होते, जाकिटं नव्हती. मी म्हणालो, "कॅनॉल कमरेएवढाच, कशाला खर्च?" सौ. म्हणाली, "अहो, ती तुमची कंबर, तीही उभं असताना. मी पडेन ती आडवी!" शिवाय लेबल तिनेच वाचलं : 50 न्यूटनचं जाकीट पोहता येणाऱ्यांसाठी असतं. तिच्यासाठी 100चं घेतलं. होडीच्या निम्मे पैसे त्यातच गेले. मी जरा कुरकुरलो.

मे महिन्यातली पहिलीच फेरी. उतरताना सौ.ने काठ धरला, होडी मागे सरकली आणि ती पाण्यात! हवा उबदार, पाणी मात्र बर्फासारखं. तिला श्वासच घेता येईना, डोळे विस्फारलेले. मला हात द्यायला दहा सेकंद लागली असतील. तेवढा वेळ तिचं तोंड पाण्याबाहेर ठेवलं ते त्या जाकिटाने, माझ्या गणिताने नव्हे. 15 अंशांखालच्या पाण्यात असा धक्का बसतो. तेव्हा धडपडू नये. पाठीवर तरंगावं, मिनिट-दीड मिनिटात श्वास जागेवर येतो.

परवान्याचं विसरू नका. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या पाण्यावर तो लागतोच. पॅडल यूके (2024पर्यंतचं ब्रिटिश कनूइंग) या संस्थेच्या वैयक्तिक सभासदत्वात तो येतो. स्कॉटलंडमध्ये 2003च्या कायद्याने जबाबदारीने वल्हवायला मोकळीक आहे. बंधाऱ्याजवळ मात्र जाऊ नये. ऑक्टोबर 2021मध्ये वेल्समधल्या हॅवरफोर्डवेस्ट इथे पूर आलेल्या नदीत, बंधाऱ्यावर पॅडलबोर्डवरचे चार जण गेले. समुद्रावर तर ही होडी नेऊच नये; जमिनीकडून येणारा वारा तिला पाचोळ्यासारखी आत नेतो.

सौ. आता दर मंगळवारी पोहायला शिकते. होडी गॅरेजमध्ये वाळवून ठेवली आहे. ओली गुंडाळली की बुरशी धरते. पुढच्या फेरीला जाकिटं कोणती घ्यायची, हे मी विचारत नाही. तीच सांगते.