दोन बळी द्या, मग ड्रॅगन आणा

रविवारची दुपार. मेहकर. ताईच्या हॉलमधला पंखा फुल स्पीडवर, पोटात भाकरी-ठेचा आणि समोर सतरंजीवर मांडी ठोकून बसलेला सातवीतला भाचा. मी पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सच्या सीटवर अंग आखडून आलेलो. खरं तर झोपायचं होतं. पण भाच्यानं त्याचा एक डेक मला उसना दिला, पाच पत्ते हातात आले आणि त्यात चक्क ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन! झोप कुठल्या कुठे पळाली. वीस वर्षांपूर्वी आपटायचो तसाच मी तो पत्ता सतरंजीवर आपटला.

‘मामा, असं नसतं,’ भाचा थंडपणे म्हणाला.

‘असं म्हणजे कसं?’

‘त्याच्यावरच्या चांदण्या मोज.’

मोजल्या. आठ.

‘मग? दोन मॉन्स्टर बळी दिले का तू? कुठंयत?’

सोमवारच्या मीटिंगमध्ये बॉसनं एक्सेल शीटमधल्या एका सेलवर बोट ठेवावं आणि आपल्या घशाला कोरड पडावी, तसं झालं. कारण यू-गी-ओ हा खेळ मी शाळेत अख्खी दोन वर्षं खेळलो होतो. नुसता खेळलो नव्हतो, जिंकलो होतो. कसा जिंकलो होतो, ते पुढे सांगतो. आधी नियम, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांना तो माझ्याइतकाच माहीत नसणार, पैज!

तर, प्रत्येक मॉन्स्टरच्या पत्त्यावर चांदण्या असतात. ती त्याची लेव्हल. चारपर्यंत लेव्हल असेल तर तो हातातून सरळ मैदानात येतो. पाच किंवा सहा असेल तर मैदानावरचा तुमचा एक मॉन्स्टर आधी बळी द्यायचा, मगच हा येणार. सात आणि त्यावर असेल तर दोन बळी. बळी दिलेले पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये. आणि असं साधं बोलावणं एका टर्नमध्ये एकदाच. म्हणजे हिशेब करा. पहिल्या टर्नला एक छोटा मॉन्स्टर उतरवा. दुसऱ्या टर्नला दुसरा. समोरच्यानं तोवर दोघांना जिवंत ठेवलं, तर तिसऱ्या टर्नला कुठे ड्रॅगन. तीन पत्ते खर्चून एक ३००० ताकदीचा मॉन्स्टर, आणि समोरच्याचे लाइफ पॉइंट्स ८०००.

उघडा उतरवायचा नसेल तर आडवा, पालथा ठेवता येतो. त्याला सेट करणं म्हणतात. पण तेही त्या टर्नचं एकुलतं एक बोलावणं धरलं जातं, आणि आठ चांदण्यांचा प्राणी पालथा ठेवायचा तरी बळी दोनच. म्हटलं, झाकून ठेवला तर सूट मिळेल. नाही. पालथा ठेवलेला पुढच्या टर्नला तुम्ही स्वतः उलटवून उभा केलात तर ते फ्लिप समन, ते मात्र फुकट. समोरच्यानं हल्ला केला तर तो उघडा पडतो, पण त्याला फ्लिप समन म्हणत नाहीत. भाच्यानं हे मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं.

मग आम्ही मेहकरात बिनबळीचे ड्रॅगन कसे काय उडवत होतो?

याला दोन गोष्टी जबाबदार आहेत. एक टीव्ही आणि दुसरी लोडशेडिंग. काझुकी ताकाहाशी या जपानी चित्रकारानं १९९६ मध्ये ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात हे कॉमिक सुरू केलं, तेव्हा पत्त्यांचा डाव हा त्यातल्या अनेक खेळांपैकी एक होता. वाचकांना तोच आवडला, आणि मग गाडी तिकडेच वळली. कोनामी कंपनीनं १९९९ मध्ये जपानात खरे पत्ते आणले, २००२ मध्ये इंग्रजीत आणले, आणि २०११ पर्यंत २५०० कोटींहून जास्त पत्ते विकून गिनेस बुकात नाव लावलं. (ताकाहाशी जुलै २०२२ मध्ये ओकिनावाच्या समुद्रात गेले. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये होतो.) कार्टूनमध्ये मात्र सुरुवातीच्या भागांत बळीबिळी काही भानगडच नव्हती! पहिल्याच भागात काइबा नावाचा श्रीमंत पोरगा एकामागून एक तीन ब्लू-आईज मैदानात फेकतो. हीरो युगी डार्क मॅजिशियन तसाच उतरवतो. लाइफ पॉइंट्ससुद्धा २०००. बळीचा नियम आला तो पुढे, बॅटल सिटीच्या भागांत.

आणि ते भाग लागायच्या वेळेला आमच्याकडे लाइट नसायची. २००५-०६ चे ते दिवस विदर्भातल्या कुणालाही विचारा. संध्याकाळी सगळी गल्ली ओट्यावर. त्यामुळे आमच्या गल्लीचं नियमपुस्तक पहिल्या काही भागांवरच थांबलं. पत्ते किराणा दुकानात पाकिटातून मिळायचे, अर्थात डुप्लिकेट, छपाई अशी की निळा ड्रॅगन जांभळा दिसायचा. पण अख्ख्या गल्लीत तो जांभळा ड्रॅगन एकट्या माझ्याकडे होता, कारण रोज पाकीट घ्यायला पैसेही एकट्या माझ्याकडेच होते. पहिला टर्न, ड्रॅगन, धडाम! हरणाऱ्यानं एक पत्ता द्यायचा. असे मी शेजारच्या माझ्या जिगरी दोस्ताकडून सतरा पत्ते जिंकले. सतरावा त्याचा डार्क मॅजिशियन होता. तो त्यानं दिला, घरी गेला आणि पुन्हा खेळायला आला नाही. भांडण नाही, काही नाही. नंतर मी पुण्याला आलो, तो तिथेच राहिला. दिवाळीत भेटलो की ‘काय, कधी आला?’ ‘कालच.’ ‘बरं.’ एवढंच.

ते सतरा पत्ते बिस्किटांच्या एका डब्यात ताईच्या माळ्यावर अजून होते.

भाच्याला यातलं काही सांगितलं नाही. तो तोपर्यंत स्पेशल समनवर पोचला होता. म्हणजे एखाद्या पत्त्यानंच परवानगी दिली तर होणारं बोलावणं. हे एका टर्नमध्ये कितीही वेळा चालतं, आणि सगळा आधुनिक खेळ इथेच चालतो. पॉलिमरायझेशन वापरून दोघांचा एक करायचा ते फ्यूजन. २००८ पासून सिंक्रो, त्यात चांदण्यांची बेरीज तंतोतंत जुळावी लागते. २०११ पासून एक्सीझ, सारख्या लेव्हलचे दोन एकमेकांवर रचायचे. मग २०१४ चं पेंड्युलम, २०१७ चं लिंक... इथे मी हात टेकले. दाजी सोफ्यावरून पेपर बाजूला करत म्हणाले, ‘यापेक्षा मेंढीकोट बरा.’ मी त्यांना सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा सांगितला. गोल १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, अर्ध्या रंगांत दश्शी मोठी तर अर्ध्यांत एक्का, आणि दिवसा खेळलात तर सुरुवात रामवाल्यानं करायची, रात्री कृष्णवाल्यानं. दाजींनी पेपर परत वर केला.

पण खरी गंमत पुढे आहे. भाच्यानं डेकच्या तळातून एक हातानं काढलेला पत्ता बाहेर काढला. स्केचपेननं रंगवलेला, वर आठ चांदण्या. नाव: लोणासुर.

लोणार मेहकरपासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. उल्केनं बेसॉल्टमध्ये पाडलेला जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यात खारं सरोवर. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तुम्हीही फोटो फॉरवर्ड केला असेलच. भाचा शाळेच्या सहलीत गावातल्या दैत्यसूदन मंदिरात जाऊन आला होता, आणि तिथे ऐकलेली गोष्ट त्यानं सरळ नियमांत बसवली होती. लोणासुर जमिनीखालच्या विवरात झोपायचा, वर झाकण. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींना वश केलं, त्यांच्याकडून जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं.

‘बघ मामा. झोपलाय म्हणजे आडवा, पालथा, सेट केलेला. आठ चांदण्या, म्हणून दोन बळी. कोण? बहिणी! झाकण उडवलं म्हणजे हल्ल्यात उघडा पडला.’

‘मग ते फ्लिप समन झालं की.’

‘नाही ना! हल्ला झाला म्हणून उघडा पडला. किती वेळा सांगू?’

आम्ही एका मल्टिनॅशनलमध्ये प्रोसेस डॉक्युमेंटेशन करतो. इतकी क्लीअर स्टोरी मी अजून एकाही डेकमध्ये पाहिलेली नाही. तो डेक वेगळा, पॉवरपॉइंटचा.

संध्याकाळी मी माळ्यावर चढून डबा काढला, भाच्याला आणि त्याच्या दोन्ही डेकना सोबत घेतलं आणि दोस्ताच्या दुकानावर गेलो. त्याचं लोणार रोडला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून तो कुणाचा तरी डिस्प्ले बदलत होता.

‘कधी आला?’

‘आज सकाळी.’ मी डबा काउंटरवर ठेवला. ‘हे तुझे. सतरा आहेत. आपण चुकीचं खेळत होतो रे. ड्रॅगनला दोन बळी लागतात. मी जिंकलोच नव्हतो.’

त्यानं भिंग काढलं. डबा उघडला. वरचा पत्ता हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला.

‘मले माहीत होतं ना बे.’

‘काय?’

‘बळीचं. औरंगाबादले मावशीकडं गेलो होतो सुट्टीत. तिथं लाइट जात नव्हती एवढी. पुढचे सगळे भाग पाहिले मी.’ (तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो.)

‘मग बोलला का नाहीस?’

‘बोललो असतो तर तू खेळणं बंद केलं असतं. सगळे भारी पत्ते तुयाकडंच होते. मग खेळायचं कोणासंगं?’

मी काय बोलणार! काउंटरवरचा एक चार्जर उचलला, किंमत वाचली, परत ठेवला. भाचा एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. दोस्तानं डार्क मॅजिशियन तेवढा काढून काचेखाली सरकवला, गिऱ्हाइकांच्या व्हिजिटिंग कार्डांशेजारी, आणि डबा भाच्याकडे ढकलला. ‘हे तू ठेव. आणि ते काय आणलं रे पिशवीत?’

शटर अर्धं खाली. दोन स्टूल, मध्ये खोकं. भाचा रेफरी. दोस्ताला नवे नियम पाच मिनिटांत कळले. मला अपेक्षा होती तितका वेळ लागलाच नाही. त्यानं पहिल्याच टर्नला मागच्या रांगेत एक पत्ता पालथा ठेवला आणि त्याला हातही लावला नाही. मी मात्र यावेळी सगळं रीतसर केलं. पहिल्या टर्नला चार चांदण्यांचा एक. दुसऱ्याला दुसरा. दोघंही कसेबसे वाचले. तिसऱ्या टर्नला मी दोघांना उचलून ग्रेव्हयार्डमध्ये ठेवलं, भाच्यानं मान हलवली, आणि मी ब्लू-आईज उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा कायदेशीर.

‘आता हल्ला,’ मी म्हटलं.

‘थांब न बे जरा.’ त्यानं मागचा पालथा पत्ता एका बोटानं उलटा केला.

ट्रॅप होल. १००० किंवा त्याहून जास्त ताकदीचा कुणीही साध्या रीतीनं उतरला की सरळ खड्ड्यात. आणि बळी देऊन आणलेला ड्रॅगनही साध्या रीतीतच मोडतो, हे मला त्याच दुपारी शिकवलं गेलं होतं.

मी आशेनं रेफरीकडे पाहिलं.

‘गेला, मामा. बळी दिलेले दोघंपण गेले, ते परत नाही येत.’

दोस्तानं अर्ध्या शटरखालून वाकून समोरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. एक बिनसाखरेचा.

‘टर्न संपला म्हण,’ भाचा म्हणाला.