निकालानंतरचा पंधरवडा

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांच्या घरी पेढे वाटले जातात आणि अनुत्तीर्णांच्या घरी सांत्वनाचे शब्द ऐकू येतात. परंतु या दोन घरांच्या मधोमध तिसरेही एक घर असते. तेथील मुलगा किंवा मुलगी उत्तीर्ण झालेली असते, पण उशिरा. कोणाचा एक विषय पुरवणी परीक्षेत सुटतो, कोणाचे गुण फेरतपासणीत वाढतात, तर कोणाच्या गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त होईपर्यंत महिना निघून जातो. अशा घरी ना पेढे येतात, ना कोणी धीर द्यायला येते. "आता यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू," एवढे एकच वाक्य तेथे ऐकू येते. आजचे हे चार शब्द त्या घरासाठी आहेत.

मी स्वतः अशाच घरातला. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचे बिऱ्हाड होते. बारावीत एका विषयाने मला अडविले व पुरवणी परीक्षेत तो सुटला. वडील मला घेऊन महाविद्यालयात गेले. फलकावर हिंदीत सूचना लागली होती. 'अंतिम तिथि' या शब्दांपुढील दिनांक उलटून चार दिवस झाले होते. वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आम्ही मुकाट्याने घरी परतलो. त्यानंतर अकरा दिवस घरात हा विषय कोणी काढला नाही. मुलगा पुरवणीत निघाला हे चारचौघांत सांगावे लागेल, याचाच संकोच अधिक होता.

बाराव्या दिवशी आत्या आली. ती निवृत्त शिक्षिका. तिने मला त्याच फलकापुढे नेले आणि सूचना मोठ्याने वाचावयास लावली. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ होती: स्थान रिक्त असल्यास, विलंब शुल्कासह, प्राचार्यांच्या अनुमतीने. घरी येऊन ती वडिलांना म्हणाली, "दादा, तुम्ही पहिलीच ओळ वाचलीत. दुसरी कोणी वाचायची?" वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज केला, परंतु विज्ञान शाखेच्या उरलेल्या जागा आदल्याच आठवड्यात भरल्या होत्या. कला शाखेत जागा होती, ती मी घेतली. आज भाषांतरावर माझी उपजीविका चालते आणि त्याचा मला खेद नाही. तरीही ते अकरा दिवस कोणी आमच्यापासून हिरावून घेतले नव्हते. आम्हीच ते गमावले, ही गोष्ट विसरता येत नाही.

उच्च शिक्षणाची दारे या शहरात फार पूर्वीपासून उघडी होती, असे नाही. रायपूरचे छत्तीसगढ महाविद्यालय १९३८ साली निघाले. त्यापूर्वी पदवीसाठी मुलांना नागपूर, जबलपूर गाठावे लागे. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ स्थापन झाले, आणि रायपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास १९६४ साल उजाडले. त्यास पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव आहे. ज्या पिढीने एका पदवीसाठी घर सोडले, तिच्या नातवंडांनी चार दिवसांच्या उशिरासाठी वर्ष सोडावे, हे बरे नव्हे.

यास्तव, उशीर झालाच असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

येथील महाविद्यालयांतील प्रवेश राज्याच्या उच्च शिक्षण विभागाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार होतात. त्यांत एक मुदत प्राचार्यांच्या अधिकारातील आणि तिच्यापुढची दुसरी कुलगुरूंच्या अनुमतीची, अशी रीत आहे. पुष्कळ वर्षे पहिली मुदत जुलैअखेर व दुसरी ऑगस्टच्या मध्यास संपत असे. चालू वर्षाचे दिनांक मात्र विद्यापीठाच्या सूचनेत स्वतः पाहावेत, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. पुरवणी परीक्षा व फेरतपासणी यांतून उत्तीर्ण झालेल्यांसंबंधीचे कलम त्या सूचनेत स्वतंत्रपणे शोधावे.

दुसरे असे की, अर्ज एकाच महाविद्यालयात करून थांबू नये. नामांकित महाविद्यालयात जागा नसली तरी शहरातील दुसऱ्या महाविद्यालयात त्याच विषयाच्या जागा अनेकदा रिक्त असतात. पदवी विद्यापीठाची असते, इमारतीची नव्हे.

तिसरे, कागदपत्रे निकालाआधीच जमवावीत. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, मूळ निवासी व जातीचे प्रमाणपत्र आणि मंडळ निराळे असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, यांपैकी एकाच्या अभावी हातची जागा जाते. नागपूर वा अमरावतीहून बदलून आलेल्या कुटुंबांनी या स्थलांतर प्रमाणपत्राची विशेष काळजी घ्यावी.

चौथे, जेथे प्रवेश राष्ट्रीय परीक्षेवर अवलंबून असतो, तेथे विनंतीअर्जाचा उपयोग होत नाही. वैद्यकीय शाखेचे वेळापत्रक रायपुरात ठरत नाही. बिलासपूरच्या गुरु घासीदास केंद्रीय विद्यापीठासही २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली. तेथे पाय घासण्यात आठवडा घालवू नये.

आणि सर्व जागा भरल्याच असतील, तरीही वर्ष वाया गेले असे समजू नये. कला, वाणिज्य अशा शाखांत स्वाध्यायी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याची सोय येथे दीर्घकाळ चालत आली आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे विभागीय केंद्र रायपुरात आहे व त्याचे प्रवेश जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांत होतात. बिलासपूरचे पंडित सुंदरलाल शर्मा मुक्त विद्यापीठही २००५ पासून कार्य करीत आहे.

प्रवेश मिळाल्यावर एक काम मात्र तत्काळ करावे. वर्ग सुरू झालेले असतात, हजेरी मोजली जात असते. मागील पाठांच्या वह्या पहिल्याच आठवड्यात मागून घ्याव्यात. त्यात कमीपणा नाही.

आता दोन शब्द वडील मंडळींना. मुलाच्या उशिराची लाज आपणांस वाटते, त्याची किंमत मात्र मूल मोजते. मुलींच्या बाबतीत तर ती फार जड असते, कारण 'पुढच्या वर्षी पाहू' या वाक्यात पुष्कळदा पुढचे वर्ष येतच नाही. त्या वर्षात स्थळ येते, घरातील आजारपण येते, आणि पुस्तके माळ्यावर जातात. पंडित माधवराव सप्रे रायपूरच्या शाळेत शिकले. कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांना मिळाली, तेव्हा त्यांनी पंचविशी ओलांडली होती. त्यांनीच १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले आणि पुढे लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. पदवी कितव्या वर्षी मिळाली, हे त्यांना आज कोणी विचारीत नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी वा शेजारी असे मूल असेल, तर उद्या सकाळी त्यास घेऊन निघावे. फलकावरील पहिली ओळ वाचून परतू नये. खालची ओळही वाचावी, आणि ती समजली नाही तर खिडकीवरील कारकुनास विचारावी. विचारण्यास विलंब शुल्क पडत नाही.